जास्वंदीवर चालणारा कापसाचा कण: हा किडा कोणता?

छतावरची बाग (इंदूर)

नमस्कार. एका किड्याची ओळख हवी आहे. थोडी घाई आहे, कारण येत्या रविवारी फवारणी करायची ठरली आहे आणि माझं मन काही केल्या तयार होत नाही.

आम्ही रामबागेत राहतो. छतावर माझे चोवीस गमले आहेत (तुमच्याकडे कुंड्या म्हणतात, आमच्या इंदुरात गमलेच). त्यातल्या तीन गमल्यांत लाल जास्वंद आहे. ती सासूबाईंच्या जुन्या घराच्या अंगणातली. ते घर पाडलं तेव्हा एक फांदी आणून लावली होती, तिच्या फांदीची फांदी आज माझ्याकडे आहे. रोज सकाळी गणपतीला तिचंच फूल जातं. खत घरचंच, पाला, ओला कचरा आणि शेण यांचे थर देऊन केलेलं. ही थरांची रीत आमच्याच गावात बसवली गेली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे ज्या संस्थेत काम करत होते तिच्या आवारात आता कृषी महाविद्यालय आहे, आणि जगभर त्या खताला 'इंदूर पद्धत' म्हणतात. मला याचा फार अभिमान आहे, म्हणून मध्येच सांगितलं.

संक्रांतीनंतर जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. कोवळे शेंडे आणि कळ्यांचे देठ पांढरे झाले, पानं चिकट झाली, खोडावर मुंग्यांची रांग लागली. कळ्या उमलायच्या आधीच गळतात. रोज सकाळी साबणाच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून मी शेंडे पुसते. चार दिवस बरं दिसतं, मग परत तेच.

रंगपंचमीला मुलांनी छतावर रंग खेळला. दुसऱ्या दिवशी मी पानांवरचा गुलाल धूत होते तर सात वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, इकडे बघ, कचरा चालून राहिला आहे." मला वाटलं मुंगी काहीतरी ओढून नेत असेल. पण मुंगी नव्हती. कचराच चालत होता.

यजमानांचं टपाल तिकिटं बघायचं भिंग आणलं. त्यातून जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते. वरून नुसता पुंजका, तिळाहून थोडा मोठा, साधारण चार मिलिमीटर. पांढरा मेणचट कापूस, त्यात वाळलेली सालं, कसल्यातरी पायांचे तुकडे, आणि एकाच्या पाठीवर चक्क गुलाबी गुलाल. थांबला की कुणाला कळणारही नाही की यात जीव आहे. थोड्या वेळाने परत तुरुतुरु निघतो. एकाला स्टीलच्या ताटलीत घेऊन काडीने हळूच उलटा केला. खाली सहा पाय, भुरकट मऊ अंग, मागे निमुळतं होत गेलेलं, आणि तोंडापुढे दोन वाकडे दात, अडकित्त्याच्या पात्यांसारखे समोरासमोर. शेपटीचं टोक ताटलीला टेकवून तो सरळ झाला आणि पळाला. तिन्ही गमल्यांवर मिळून असे अकरा मोजले.

आणखी एक. काही पानांच्या खाली केसासारख्या बारीक दांड्या उभ्या आहेत, प्रत्येकीच्या टोकाला एक हिरवट पांढरा दाणा. मी बुरशी समजून दोन पानं पुसून टाकली. याचा त्या किड्याशी संबंध आहे का?

नातवाने एक किडा हातावर घेतला तेव्हा त्याला टोचल्यासारखं झालं. लाल ठिपका आला आणि तासाभरात गेला.

नर्सरीवाल्याने एक बाटली दिली आहे, तिच्यावर पिवळा त्रिकोण आहे. म्हणतो, एका फवाऱ्यात सगळं साफ. पण फूल देवाला जातं, छतावर चिमण्या येतात, शेजारच्या गमल्यात कोथिंबीर आहे. हा किडा जास्वंदीचं नुकसान करतो आहे की नाही, एवढं कुणी खात्रीने सांगाल का?

गच्चीमाळीण (ठाणे)

काकू, वर्णनावरून पिठ्या ढेकणाचीच पिल्लं वाटतात. पिल्लं आधी फिरतात आणि मग एका जागी बसतात. माझ्या पपईवर आली होती. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, आठवड्यातून दोनदा. मी तुमच्या जागी असते तर रविवारपर्यंत थांबले नसते.

कापूसवाला (बऱ्हाणपूर)

काकू, फवारणी थांबवा. निदान दोन दिवस.

ढेकणाची पिल्लं फिरतात हे वरच्या ताईंचं बरोबर आहे. पण पिठ्या ढेकणाला दात नसतात. तो झाडाचा रस पितो, आणि त्याची सोंड पोटाच्या बाजूला, पुढच्या पायांच्या मध्ये असते. समोर निघालेला अडकित्ता म्हणजे शिकारी. दुसरं असं, की ढेकणाचं पीठ त्याच्या स्वतःच्या अंगातून निघतं आणि अंगभर सारखं पसरलेलं असतं. तुमच्या किड्याच्या पाठीवर सालं आहेत, पाय आहेत, गुलाल आहे. ते सगळं बाहेरून गोळा केलेलं ओझं आहे.

आमची तापीकाठी कपाशी. २००६-०७ च्या सुमारास कपाशीवर जो पिठ्या ढेकूण आला तो आमच्या बापजाद्यांनी कधी पाहिला नव्हता. उत्तर अमेरिकेतली जात. जास्वंदीवर आणि गाजरगवतावरही तीच बसते, तुमच्याकडे बहुधा तीच असेल. त्या दोन हंगामांत आम्ही दर आठ दिवसांनी फवारलं. वडिलांच्या पाठीवर पंप, मी बादल्या भरून देत होतो. ढेकूण परत परत येत राहिला आणि शेतातले ढालकिडे, कोळी, गांधीलमाशा सगळे गेले. ढेकणाला मेणाचं चिलखत असतं, यांना नसतं. वडील आता नाहीत, पण त्या वर्षीच्या रिकाम्या बांधाची आठवण आली की मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला थांबा म्हणतो.

मला हा क्रायसोपाच्या, म्हणजे पिकावरचे किडे खाणाऱ्या मित्रकीटकाच्या, कुळातला वाटतो. पण शेतात सोडायला आम्ही भुशात मिसळलेली अंडी आणतो, त्यांतून निघणाऱ्या अळीची पाठ उघडी असते. तिथे माझी खात्री थांबते. तपासायची रीत सोपी आहे. पांढरी बशी, त्यात हा एक किडा आणि दोन जिवंत ढेकूण. शेजारी बसून बघा.

त्रिकोणाचंही सांगतो. लाल सगळ्यात विषारी, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. खायच्या कोथिंबिरीशेजारी पिवळ्या त्रिकोणाची बाटली उघडूसुद्धा नका.

छतावरची बाग (इंदूर)

भाऊ, काल दुपारी बसले. बशीत एक किडा आणि शेंड्यावरून काढलेले दोन ढेकूण. शेजारी नातू, हातात भिंग.

पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. किडा बशीच्या कडेने फिरत राहिला, डोकं डावी-उजवीकडे हलवत, आंधळा माणूस काठी फिरवतो तसा. ढेकणाच्या अगदी जवळून गेला तरी त्याला कळलं नाही. मग डोकं ढेकणाला लागलं, आणि त्या क्षणी दोन्ही दात आत गेले. ढेकूण किड्याच्या निम्म्याहून मोठा होता, तरी त्याला सुटता आलं नाही. नंतर सगळं शांत. किडा हलत नव्हता, पण ढेकूण हळूहळू चपटा होत गेला. घड्याळ लावलं होतं, सोळा मिनिटं.

खरी गोष्ट त्यानंतरची. ढेकणाचं रिकामं साल त्याने दातांत धरलं, डोकं पाठीमागे पार वाकवलं, इतकं की मला वाटलं मान मोडेल, आणि ते साल स्वतःच्या पाठीवर नेऊन ठेवलं. वर डोक्याने दोन-तीनदा दाबलं. डोक्यावरचा भारा बाई नीट बसवते ना, तसं. मग अंग हलवून बघितलं आणि पुढे निघाला.

म्हणजे ती सालं आणि ते पाय सगळे त्याने खाल्लेल्या ढेकणांचे होते. नातू संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला सांगत फिरत होता. नर्सरीवाल्याची बाटली आजच परत दिली. गेल्या दोन महिन्यांत कापसाच्या बोळ्याखाली माझ्या हातून यांतले किती गेले असतील, हे मात्र मनातून जात नाही.

कीटकशास्त्राची शिक्षिका (नागपूर)

ताई, तुमचं हे वर्णन मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

बऱ्हाणपूरच्या भाऊंचा अंदाज बरोबर आहे. ही क्रायसोपिडी कुळातली अळी आहे. या कुळात पाठ उघडी ठेवणाऱ्या अळ्या आहेत आणि कचरा वाहणाऱ्याही आहेत. शेतात सोडतात ती क्रायसोपर्ला उघडी. आपल्याकडच्या मल्लाडा या प्रजातीतल्या अळ्या असा भार वाहतात. तुमची नेमकी जात कोणती, हे अळीवरून सांगणं बरोबर होणार नाही. त्याला प्रौढ कीटक हातात लागतो.

गोंधळ होऊ शकेल असा दुसरा उमेदवार म्हणजे क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी. तीही पिठ्या ढेकूणच खाते. मूळची ऑस्ट्रेलियाची, भारतात १८९८ मध्ये आणली, आणि महाराष्ट्रात द्राक्षवाले ती बागेत सोडतात. पण तिच्या अंगावरचे पांढरे धागे तिचे स्वतःचे मेणाचे असतात, सरळ आणि ओळीने लोंबणारे, आणि समोर अडकित्ता दिसत नाही. गुलाल, सालं आणि वाकडे दात यांमुळे तो प्रश्न मिटला.

ते दात पोकळ असतात. वरचा आणि खालचा जबडा जुळून दोन्ही बाजूंना एकेक नळी होते. तिच्यातून अळी पाचक रस भक्ष्यात सोडते आणि आतलं पातळ झालं की ओढून घेते. म्हणून सोळा मिनिटं लागली आणि साल मागे राहिलं. अळीचं पोट मागच्या बाजूने बंद असतं. साठलेली विष्ठा ती प्रौढ होईपर्यंत बाहेर टाकतच नाही. नातवाला टोचलं ते याच दातांनी. क्वचित होतं, घाबरायचं कारण नाही, तरी कीटक हातावर घेण्यापेक्षा ताटलीत बघावेत.

पाठीवर बारीक गाठी असतात आणि त्यांवर आकड्यांसारखे केस. ओझं त्यांना अडकतं. उपयोग काय, तर मुंग्या. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, आणि उघडी अळी दिसली की तिला हुसकतात. १९७८ मध्ये टॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे तपासलं. तिथली एक अळी लोकरी माव्याची लोकर पाठीवर घेते. ती लोकर काढून अळ्या परत माव्यात सोडल्या, तर मुंग्यांनी त्यांना पकडून बाहेर काढलं. लोकर असलेल्यांना बहुतेक वेळा सोडून दिलं. ही विद्या जुनी आहे. स्पेनमध्ये सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीच्या राळेच्या खड्यात अशीच एक अळी सापडली, पाठीवर नेच्याच्या केसांचं ओझं घेतलेली. तिचं वर्णन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा जमिनीवर डायनोसॉर होते.

तुमचे दांडीवरचे दाणे याच कुळाची अंडी आहेत. मादी पानावर एक थेंब टेकवते, पोट वर उचलून त्याचा धागा ओढते, तो लगेच कडक होतो आणि टोकावर अंडं ठेवते. मुंग्यांच्या वाटेपासून दूर, आणि आधी निघालेल्या भावंडांपासूनही, कारण या अळ्या एकमेकींना खातात. म्हणून एका बशीत दोन ठेवू नका.

आता काय करायचं. साबण किंवा तेल ज्याच्या अंगावर पडेल त्याचा श्वास कोंडतं, ढेकूण असो की अळी. सगळ्या झाडावर फवारू नका. फार भरलेला शेंडा दिसला तर आधी भिंगाने बघा, अळी असेल तर काडीने दुसऱ्या फांदीवर ठेवा, मग तेवढाच शेंडा पुसा. मुंग्यांची वाट तोडा. गमला विटेवर आणि वीट पाण्याच्या थाळीत ठेवली की पुरे, फक्त फांद्या भिंतीला टेकू देऊ नका. आणि ती कोथिंबीर सगळी खुडू नका, थोडी फुलावर येऊ द्या. या कुळातले बहुतेक प्रौढ शिकार करत नाहीत. पराग, मध आणि माव्या-ढेकणांचा चिकटा यांवर जगतात, आणि जिथे पोट भरतं तिथेच अंडी घालतात.

जुन्या शब्दांची हौस (वडोदरा)

दांडीवरच्या दाण्यांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण म्हणतो, "काय, उंबराचं फूल झालात!" उंबराची फुलं फळाच्या आत असतात, बाहेर कधीच दिसत नाहीत, म्हणून ही बोली. बौद्ध परंपरेतही हेच फूल दुर्मिळ मानलं आहे, तीन हजार वर्षांतून एकदा उमलणारं. कोरिया, चीन आणि तैवानमध्ये बुद्धमूर्तीवर किंवा घरातल्या एखाद्या वस्तूवर असे केसाएवढे देठ आणि पांढरे दाणे दिसले, की उंबराचं फूल उमललं म्हणून लोक हात जोडून बघायला येतात. कीटकशास्त्रज्ञ सांगतात की ती क्रायसोपाची अंडी आहेत.

आमच्या दत्ताच्या देवळापाशी मोठा औदुंबर आहे. हे वाचून सकाळी गेलो आणि पाराशेजारच्या तगरीची पानं उलटून बघितली. चार अंडी होती. पुजाऱ्यांना दाखवली. ते बराच वेळ वाकून बघत होते, आणि मग पाणी घालणाऱ्या मुलाला म्हणाले, या पानांना हात लावू नकोस.

छतावरची बाग (इंदूर)

आज हनुमान जयंती. सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

अकरापैकी आठ अळ्या मी शेवटपर्यंत बघू शकले. एकेक करून त्या पानाच्या देठापाशी थांबल्या आणि हलेनाशा झाल्या. मला वाटलं मेल्या. शिक्षिकाताईंचं वाचलं होतं म्हणून तशाच राहू दिल्या. एक भिंगाखाली नीट बघितली तर कचऱ्याच्या आत मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा पांढरा गोल कोष होता. ते पान तोडून बरणीत ठेवलं, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं.

दहाव्या दिवशी, रात्री साडेनऊला नातवाने हाक मारली. बरणीत काडीला धरून एक फिकट हिरवा कीटक बसला होता. पंख अंगाहून लांब, आरपार दिसणारे, मच्छरदाणीच्या कापडासारख्या जाळीचे, अजून नीट वाळले नव्हते. डोळे सोन्यासारखे चमकत होते. कोषाला डबीचं झाकण काढावं तसं गोल भोक होतं. हा कीटक मी वर्षानुवर्षं छतावरच्या ट्यूबलाइटभोवती बघत आले आहे, आणि दर पावसाळ्यात झाडूने बाहेर काढत आले आहे. फोटो काढून शिक्षिकाताईंना दाखवते आहे. मग फडकं सोडलं. तो लगेच उडाला नाही. कोथिंबिरीच्या फुलांवर उतरला आणि तिथेच बसून राहिला.

दोन गमल्यांचे शेंडे आता हिरवे आहेत. परवा पहिलं फूल आलं. तिसऱ्या गमल्यात ढेकूण अजून आहे, पण त्यातले काही पांढरे राहिलेले नाहीत. तपकिरी, टणक, फुगलेले झाले आहेत, पिंपासारखे, हलत नाहीत. एकदोघांना बारीक गोल भोक आहे. हा कुठला रोग आहे का? पुसून टाकू?

कापूसवाला (बऱ्हाणपूर)

काकू, पुसू नका. ते मेलेले ढेकूण आहेत. एनासियस नावाची दोन मिलिमीटरची गांधीलमाशी ढेकणाच्या पोटात अंडं घालते, पिल्लू आतून ढेकूण खातं आणि मग भोक पाडून बाहेर येतं. भोक असलेले रिकामे झाले. भोक नसलेल्यांत माशी अजून आहे. तिला कुणी आणून सोडलं नव्हतं, ढेकणाच्या मागोमाग ती आपली आपण आली. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला नवी जात म्हणून नाव दिलं, पण ती आधीच नाव मिळालेली जात आहे हे नंतर कळलं. आमच्या कपाशीतला ढेकूण शेवटी बराचसा तिनेच आवरला.

तिसऱ्या गमल्याखालच्या थाळीतलं पाणी तेवढं बघा. वैशाखात दुपारपर्यंत आटतं आणि मुंग्या परत चढतात.